‘मॅग्नेटिक बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून जपा

घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत. रेडिओ ठणठणीत, पण रेकॉर्ड लावली की आवाज मुंगीएवढा. दुरुस्तीला आलेला माणूस टोनआर्म उचलून त्याच्या टोकाची कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारी डबी, बघतो आणि सांगतो, “ही क्रिस्टलची कार्ट्रिज जुनाट झाली. जपानी मॅग्नेटिक टाकतो, आवाज असा खणखणीत येईल की बघत राहाल.” पैसे घेतो, जुनी कार्ट्रिज ‘आता काय कामाची’ म्हणत खिशात टाकतो. पुढचे दोन महिने गिऱ्हाईक त्याच्याच मागे फिरत असतं.

निदान बहुधा बरोबर असतं, फसवणूक उपायात आहे. क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट. हे मीठ आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतं आणि मरतं. त्यामुळे बीएसआर कंपनीच्या चेंजरमधली (आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रातली) टीसी८ ही क्रिस्टल कार्ट्रिज मुकी झालेली सापडली तर नवल नाही. पण तिच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवायची असते. दोघी पिझो जातीच्या, म्हणजे दाबाने वीज तयार करणाऱ्या; दोघींना साधारण १ मेगओमचा भार (पुढच्या इनपुटचा रोध) लागतो. मॅग्नेटिकचं घराणंच वेगळं.

ऑडिओ-टेक्निकाची एटी ३६००एल ही मॅग्नेटिक घ्या. कार्ट्रिज वाईट नाही, स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण ‘खास जपानी माल’ म्हणून अव्वाच्या सव्वा दराने गळ्यात मारली जाते. ती देते जेमतेम २.५ मिलिव्होल्ट. रेडिओग्रामच्या पिकअप इनपुटला काहीशे मिलिव्होल्ट हवे असतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार (उंच स्वर) चढवलेला असतो. मॅग्नेटिकला ते उलटं करून देणारा आरआयएए (रेकॉर्डसाठी ठरलेलं प्रमाण) फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा बोर्ड, लागतो, १ किलोहर्ट्झला सुमारे १०० पट वाढवणारा. सिरॅमिक हे काम आपल्या स्वभावानेच बऱ्यापैकी सांभाळते. म्हणजे नवी मॅग्नेटिक बसल्यावर आवाज आधीपेक्षाही कमी. मग दुसरा हप्ता: ‘प्रीअँप लागेल’. आणि जो बसवतात तो अनेकदा माईकचा साधा बोर्ड असतो. आवाज वाढतो, पण चिरका. तबला ऐकूच येत नाही. बोर्ड घेताना ‘आरआयएए आहे का’ एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बरंच काही सांगतो.

खरं नुकसान वजनाचं. चेंजरचा आर्म ६ ते ८ ग्रॅम दाबाने चालण्यासाठी घडवलेला असतो. ३६००एलला २.५ ते ३.५ ग्रॅम पुरतात. दाब तसाच ठेवला तर सुईची दांडी आत दबते, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डवर घासतं, नाजूक एलपीच्या खोबणी कायमच्या जातात. स्प्रिंग ढिली करून ३ ग्रॅमवर आणलं तर आर्मच्या घर्षणाला आणि रेकॉर्ड संपल्यावर यंत्रणा सोडवणाऱ्या लिव्हरला ढकलायला जोरच उरत नाही. सुई उड्या मारते किंवा शेवटच्या रेघेत फिरत बसते. दोनतीनशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा याचा निकाल मिनिटात लावतो.

टीसी८ला पलटायची सुई असते: एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची). ती गेली की बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्या कुठल्या सुईने वाजवणार? ७८ला सुमारे ७६ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीचं १८च्या आसपास. बारीक टोक रुंद खोबणीच्या तळाशी धूळ उकरत फिरतं. ऐकू येते ती खरखर. आणि ‘कामाची नाही’ म्हणून नेलेल्या कार्ट्रिजचा कंस, दांडी आणि सुया दुसऱ्या सेटला चालतात, हे नेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पैसे देण्याआधी मल्टिमीटर ओमवर ठेवून कार्ट्रिजच्या एकाच चॅनेलच्या दोन पिनांना लावा. काहीशे ते हजार-दीडहजार ओम दाखवले तर आत तारेचं वेटोळं आहे, म्हणजे मॅग्नेटिक. मीटर हललाच नाही तर सिरॅमिक किंवा क्रिस्टल. ‘सिरॅमिकच आहे हो’ असं तोंडाने सांगणाऱ्यासमोर हे करून बघावं. सिरॅमिक घेताना पलटणाऱ्या सुईची, आणि अर्धा इंच अंतरावर स्क्रूची भोकं असलेली मागा. एकच चॅनेल असलेल्या मोनो सेटला कार्ट्रिजचं डावं-उजवं चॅनेल समांतर जोडून घ्या. उलटी चूकही होते: सिरॅमिक मॅग्नेटिकसाठीच्या ४७ किलोओमच्या फोनो इनपुटला जोडली की खर्ज नाहीसा होतो. ती कार्ट्रिज खराब म्हणून परत करू नका.

कार्ट्रिज बदलण्याआधी सेटच बरा आहे ना, हे पाहायला मोबाईलचं गाणं पिकअप सॉकेटात सोडता येतं, पण सेटला मेन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तरच. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी/डीसी जातीच्या सेटमध्ये चॅसिसवर (धातूच्या सांगाड्यावर) थेट वीज असू शकते. अशा सेटला प्रीअँप जोडून त्याची अर्थिंगची वायर आर्मच्या धातूला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बाकीच्यांकडून बिलावर कार्ट्रिजचा मॉडेल क्रमांक आणि ‘जुना भाग परत दिला’ असं लिहून घ्या.