जुन्या गाडीचं मिसिंग: आठ महिने ओबीडी स्कॅनर वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात आमची 2014 ची पेट्रोल गाडी खंबाटकी घाट चढताना झटके द्यायला लागली. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, स्टिअरिंग थरथरायचं आणि चढावर इंजिनचा दिवा लुकलुकायचा. हा दिवा लुकलुकताना गाडी जोरात दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो त्या उष्णतेने खराब होतो.

गॅरेजमध्ये आधी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून झाले, मग पेट्रोल पंप बदलायला सांगितलं. तिथे मी थांबलो आणि नऊशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड तो वाचतो.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि कोड मोबाईलवर दिसतो. माझ्याकडे पी0302 हा मिसिंगचा कोड आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा. पी0300 आला असता तर दोष एका सिलिंडरपुरता धरता आला नसता. पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती असं सगळंच बघावं लागलं असतं.

पण स्कॅनर सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. ते आपणच शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलून. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगला वीज देते ती कॉइल. इंजिन गार झाल्यावर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, बाकी कशालाही हात लावला नाही, कोड पुसला आणि पुन्हा घाट चढलो. पी0303! दोष कॉइलबरोबर सरकला होता. कॉइलचं रबरी बूट उजेडात धरलं तर आत केसाएवढी काळपट रेघ. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही तशीच. ठिणगी टोकाशी पडायच्या ऐवजी त्या रेघेवरून निसटत होती, दमट हवेत जास्तच. कॉइल बदलली आणि प्लगही. रेघ उमटलेला प्लग तसाच ठेवला तर नवं बूटही खराब होतं.

तेव्हापासून मिसिंग नाही.

स्कॅनरच्या तक्रारीही आहेत. अ‍ॅप मधेच तुटतं. एकदा तो सॉकेटमध्येच राहिला आणि चार दिवसांत बॅटरी उतरली, आता आठवणीने काढतो. मिसिंग चालू असताना ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचं दाखवत होतं. ते बघून सेन्सर बदलायला धावू नका. ज्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, तिथला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर तोच मोजतो.

तो जुना प्लग मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. कुणाची गाडी अशी झटके देत असेल तर आधी ती रेघ दाखवतो.