डायर स्ट्रेट्स आणि एकटा मार्क नॉफ्लर : दोन्ही बॉक्स सेट आठ महिने ऐकल्यावर

आठ महिन्यांपूर्वी दोन बॉक्स सेट एकापाठोपाठ घेतले. पहिला डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा, १९७८ ते १९९१ मधले सहाच्या सहा स्टुडिओ अल्बम. दुसरा त्याच बँडचा गायक, गीतकार आणि मुख्य गिटारवादक मार्क नॉफ्लर याचा. त्यात १९९६ ते २००७ मधले पाच अल्बम, आणि सहाव्या सीडीवर त्या काळात अल्बमबाहेर राहिलेली गाणी. म्हणजे इकडे सहा सीडी, तिकडे सहा.

पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर चार ओळींत काम झालं असतं. बँडचा संच घ्या, दुसरा राहू द्या. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या संचातला प्रत्येक अल्बम मंद, एकसुरी वाटायचा आणि सारखं वाटायचं, आता गिटार सुटेल, आता सुटेल. ती सुटायचीच नाही. आज मात्र दुसऱ्याच संचातल्या सीडी जास्त वेळा बाहेर निघतात. हे कसं झालं, ते नीट सांगायचं म्हणून इतके दिवस थांबले.

ऐकायची पद्धत एकच ठेवली होती. रात्री हेडफोन लावून एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये उड्या न मारता. मी हौशी गिटार वाजवते, त्यामुळे काही जागा हातात वाजवूनही बघितल्या.

सुरुवात गिटारपासूनच करते, कारण बहुतेक जण नॉफ्लरकडे त्यासाठीच येतात. तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, वापरत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यावरच वाजवतो. मुळात डावखुरा, पण गिटार उजव्या हाताची धरतो. बँडच्या पहिल्या अल्बमवरच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ या गाण्यात जो पातळ, किंचित नाकातून आल्यासारखा आवाज आहे, तो स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या मधल्या आणि ब्रिजजवळच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप टिपणाऱ्या भागांच्या, जोडीतून येतो. पण खरी गंमत आवाजापेक्षा जागेत आहे. गाण्याची ओळ संपते आणि दुसरी सुरू व्हायच्या आत गिटार उत्तर देते. प्रत्येक ओळीनंतर वेगळं उत्तर. मी हे गाणं नुसतं त्या उत्तरांसाठी सलग पाच-सहा वेळा ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की या बँडमध्ये दोन गायक आहेत आणि दुसरा गायक गिटार आहे. पहिला कमी बोलतो, जवळजवळ सपाट स्वरात, म्हणून दुसऱ्याला एवढी मोकळीक मिळते.

एकट्याच्या कामात हा सवाल-जवाब हळूहळू बंद होतो. तिथे रिचर्ड बेनेट दुसरी गिटार सांभाळतो, गाय फ्लेचर कीबोर्ड, कुठे फिडल आहे, कुठे ॲकॉर्डियन, कुठे बासरी. मोकळी जागा भरायला इतके हात आहेत, आणि तरीही कोणी ती भरत नाही. नॉफ्लर एखादा सूर लावतो आणि थांबतो. वाजवून बघायला गेले तेव्हा या थांबण्यानेच मला जास्त त्रास दिला. ‘सुलतान्स’च्या शेवटची ती भरभर तुटक जागा सरावाने कशीबशी बोटांत आली. दुसऱ्या संचातलं ‘मार्बलटाउन’ मात्र अजून जमत नाही. ते गाणं म्हणजे फक्त आवाज आणि एक अकूस्टिक गिटार. अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर चाल धरायची, वरच्या दोन बोटांनी सुरावट, आणि गाताना दोन्ही हलू द्यायचं नाही. चुकलं की लपायला कोपराही नाही.

तरीही, माझं मत विचाराल तर या दोन आवाजांतला सगळ्यात मोठा फरक गिटारमध्ये नाही, ड्रममध्ये आहे. हे कळायला मला चार महिने लागले. बँडच्या पहिल्या चार अल्बमवर पिक विदर्स ड्रमवर आहे. त्याचं हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) ऐका, फार जोरात काही नाही, पण प्रत्येक मात्रा किंचित पुढे झुकलेली. कोणीतरी खुर्चीच्या कडेवर बसून बोलतंय असं वाटतं. त्या झुकण्यामुळे बँडच्या शांत गाण्यातही एक ताण राहतो. १९८२च्या ‘लव्ह ओव्हर गोल्ड’नंतर तो बँड सोडून गेला. ‘ब्रदर्स इन आर्म्स’वर बराचसा ड्रम ओमार हकीमने वाजवला आहे, भरदार, मोठ्या मैदानाला पुरेल असा. आणि १९९६च्या ‘गोल्डन हार्ट’पासून, म्हणजे दुसऱ्या संचातल्या पहिल्या अल्बमपासून, चॅड क्रॉमवेल येतो, तो मात्रेच्या अगदी केसभर मागे बसतो. गाणं कुठेही पळत नाही. ‘शांग्री-ला’ हा अल्बम मोठ्या आवाजात लावा आणि फक्त स्नेअरकडे, त्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमकडे, लक्ष द्या. त्याला कुठेही पोचायची घाई नाही. ज्यांना नॉफ्लरचं नंतरचं काम झोपाळू वाटतं, त्यांना खरं तर हा ड्रम खटकत असतो आणि ते बोल गिटारला लावतात. मीही तेच करत होते.

एक जोडी सगळ्यांनी लागोपाठ ऐकावी : बँडचं १९८२चं ‘टेलिग्राफ रोड’ आणि एकट्याचं २०००चं ‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’. दोन्हींचा विषय जवळपास एकच, अमेरिकेची जमीन कशी बसवली गेली. पहिलं गाणं चौदा मिनिटांचं आहे. एक माणूस पाठीवरचं ओझं टाकून रानात खोपटं बांधतो, मग वस्ती होते, चर्च, शाळा, वकील, कायदे येतात, रस्ता रुंद होतो, आणि शेवटी त्याच रस्त्यावर काम गेलेली माणसं अडकून पडतात. मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळून जाणारा हा खरा रस्ता आहे. गाण्याचे शब्द संपतात तरी राग संपलेला नसतो, म्हणून उरलेली चारेक मिनिटं गिटार आणि ड्रम एकमेकांना रेटत नेतात. हेडफोनवर माझी मान प्रत्येक वेळी आखडते तिथे.

‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’ साडेपाच मिनिटांत आटपतं. १७६३ ते १७६७ या काळात मेसन आणि डिक्सन या दोन इंग्रज सर्वेक्षकांनी जी हद्द आखली, पुढे जी अमेरिकेच्या गुलामगिरीमुक्त उत्तर आणि गुलामगिरीच्या दक्षिणेतली रेघ ठरली, तिच्याकडे निघालेल्या त्या दोघांचं हे गाणं. डिक्सन नॉफ्लर गातो, मेसन जेम्स टेलर. डिक्सन ईशान्य इंग्लंडचा, आणि नॉफ्लरही जन्माने ग्लासगोचा असला तरी वाढला त्याच ईशान्येत, न्यूकॅसलकडे. त्यामुळे तो डिक्सनची ओळ गातो तेव्हा आवाजात घरचा हेल येतो. इथे कुठेही स्फोट नाही. दोन माणसं जहाजाच्या कठड्याशी उभी राहून बोलतायत, एकाला उत्साह, एकाला धाकधूक. त्या रेघेचं पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्या दोघांना नसतं. त्यासाठी चार मिनिटांचा सोलो लागत नाही, तो वाजला असता तर गाणं मेलं असतं. बँडमध्ये गोष्ट सांगून झाल्यावर तिचा अर्थ गिटार सांगायची. इथे अर्थ ऐकणाऱ्यावर सोडलाय. मला दोन्ही हवेत, पण दुसरं करायला जास्त छाती लागते असं मी आता मानते.

हा बदल १९९५ला बँड संपला आणि मग घडला, असं मी समजून चालले होते. ते चूक होतं. सहा सीडी क्रमाने ऐकल्या की जोड दिसतच नाही. १९८०च्या ‘टनल ऑफ लव्ह’ या गाण्यातच व्हिटली बेची स्पॅनिश सिटी ही जत्रेची जागा आहे, म्हणजे त्याच ईशान्य किनाऱ्याची आठवण. १९८३मध्ये बँड जोरात असतानाच त्याने ‘लोकल हीरो’ या चित्रपटाचं संगीत केलं, ते ऐकलं तर वीस वर्षांनंतरचा नॉफ्लर तिथेच भेटतो. ‘ब्रदर्स इन आर्म्स’वरचं ‘व्हाय वरी’ घ्या. १९८५च्या एलपीवर जागा पुरत नव्हती म्हणून ते कापलं होतं, सीडीवर ते जवळपास तीन मिनिटांनी मोठं आहे, आणि त्या जास्तीच्या तीन मिनिटांत काहीच घडत नाही, फक्त सूर विरत जातात. पूर्वी मी ते पुढे ढकलायचे. आता त्यासाठीच लावते. आणि १९९१चं ‘ऑन एव्हरी स्ट्रीट’ तर नावापुरतंच बँडचं. पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, त्यात आहे, तीच पुढे ‘गोल्डन हार्ट’वर आहे. सुरुवातीच्या चौघांपैकी तोवर फक्त नॉफ्लर आणि बेसवरचा जॉन इलस्ली उरले होते.

दुसऱ्या संचातले सगळे अल्बम सारखे नाहीत. ‘गोल्डन हार्ट’मध्ये आयर्लंडचे मुरलेले वादक आहेत, लिअम ओफ्लिनचे पाइप्स (आयरिश बॅगपाइप) ऐकून अंगावर काटा येतो. पण अल्बम पसरलेला आहे, अर्धा आयर्लंडमध्ये, अर्धा नॅशव्हिलमध्ये, आणि मधल्या मध्ये काही गाणी बँडच्या उरलेल्या सवयीची. ‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’ हा अल्बम सगळ्यात सोपा, बँडच्या चाहत्याने इथूनच आत यावं. त्यातलं पहिलं गाणं ‘व्हॉट इट इज’ एडिनबरोच्या रात्रीचं आहे आणि गिटार पुन्हा ओळीओळीला उत्तर देते, फक्त आता सोबत फिडलही आहे.

‘शांग्री-ला’ २००४चा. त्याच्या आदल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात नॉफ्लरचा खांदा, गळ्याजवळचं हाड आणि सात बरगड्या मोडल्या होत्या. हे आधी माहीत नव्हतं तेव्हा अल्बम आळशी वाटला होता. कळल्यावर तो चांगला वाटायला लागला असं नाही म्हणणार, पण ‘५.१५ ए.एम.’ या गाण्यापाशी थांबले. बर्फ पडलेली पहाट, रात्रपाळी करून सायकलवरून घरी निघालेला खाणकामगार, आणि वाटेत उभी असलेली मोटार, आत मृतदेह. १९६७चा ईशान्य इंग्लंडमधला खरा खून आहे हा. नॉफ्लर तरुणपणी लीड्सच्या ‘यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट’मध्ये वार्ताहर होता. इथे ते ऐकू येतं. आधी वेळ, मग हवा, मग कोणी काय पाहिलं. आवाज चढत नाही. बँडच्या काळातला तो असता तर मोटारीचं दार उघडताना गिटार किंचाळली असती.

‘किल टू गेट क्रिम्झन’ मला अजून पुरता उघडलेला नाही. तीन-चार गाणी झोपाळ्याच्या लयीतली, एकापाठोपाठ एक, आणि माझं मन तिसऱ्यापाशी भटकतं. ‘द रॅगपिकर्स ड्रीम’ हा मात्र या संचातला माझा सगळ्यात आवडता. त्याची सुरुवातच न्यूकॅसलच्या टाइनसाइड भागातून जर्मनीत मजुरीला गेलेल्या बांधकाम कामगारांच्या गाण्याने होते.

तक्रार एकच, पण मोठी. एकट्याच्या कामात धोका नाही. ‘सुलतान्स’मध्ये चार माणसांच्या हातात दोन गिटार, बेस आणि ड्रम एवढंच होतं, आणि एकजण चुकला तर सगळं कोसळेल असं सारखं वाटतं. दुसऱ्या संचातले वादक इतके पक्के आहेत की कोसळायची शक्यताच नाही. कधीकधी मला ती भीती हवीशी वाटते, तेव्हा पहिला अल्बम लावते. त्याला पर्याय दुसऱ्या संचात नाही.

एकच संच घ्यायचा असेल आणि गिटार शिकत असाल तर बँडचा घ्या. शब्दांवर जीव असेल तर दुसरा. पण दुसरा घेतलात तर निदान दोन महिने त्यावर मत देऊ नका, आणि छोट्या स्पीकरवर तर अजिबात ऐकू नका. त्यातलं निम्मं संगीत हळू आवाजात आहे, ते तिथे पोचतच नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा ‘रॅगपिकर्स ड्रीम’ लावला होता. ‘हिल फार्मर्स ब्लूज’ आलं. डरहॅमकडच्या टो लॉ गावाला निघालेला एक शेतकरी, जुजबी खरेदीची यादी, बाकी काही सांगत नाही. शब्द संपले आणि इलेक्ट्रिक गिटार आली. मोठी नाही, घाईही नाही, पण तीच बोटं, तोच नाकातला आवाज, ओळ संपल्यावर उत्तर देणारा तोच दुसरा गायक. आठ महिन्यांत हे गाणं मी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि ही जागा मला ऐकूच आली नव्हती. गाणं विरेपर्यंत थांबले, मग त्या रात्री पहिल्यांदाच नियम मोडून तेच पुन्हा लावलं.