‘दशावतार’ की ‘साबर बोंडं’? मोकळी संध्याकाळ एकच आहे
माझ्या मावसबहिणीचा प्रश्न साधा होता. “ताई, दोन्ही चित्रपट बघायचे राहिलेत. शनिवारी संध्याकाळ मोकळी आहे, आई-बाबा घरी आहेत. कुठला बघू?” मी उत्तर द्यायला लागले आणि अर्ध्या तासाने तिने कंटाळून फोन ठेवला. उत्तर तिला मिळालं नाहीच. ते आता नीट लिहून काढते, कारण हाच प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला चार-पाच जणांनी विचारलाय.

आधी थोडं मागे जाऊ. 12 सप्टेंबर 2025 या एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट लागले: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. पुढच्याच शुक्रवारी, 19 तारखेला, ‘साबर बोंडं’. एरवी “मराठीत बघण्यासारखं काही येतच नाही” म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली आणि मराठी चित्रपटांची अडचणही झाली. मल्टिप्लेक्समध्ये मराठीच्या वाट्याला आधीच मोजके खेळ, त्यात चौघे वाटेकरी. तेव्हा ज्याचं त्याचं काहीतरी राहूनच गेलं.

‘आरपार’ला मी इथे फार जागा देत नाही. ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे यांची प्रेमकथा आहे. या जोडीसाठी जीव टाकणाऱ्यांनी तो केव्हाच पाहिलाय आणि बाकीच्यांना मी सांगून ते बघणार नाहीत. ‘बिन लग्नाची गोष्ट’मध्ये प्रिया बापट आणि उमेश कामत 12 वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र आले, सोबत निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. जेवणं आटोपून सगळ्यांनी मिळून काहीतरी हलकंफुलकं लावायचं असेल तर तो घ्या, कुणी रुसणार नाही. खरा पेच उरलेल्या दोघांतला आहे.

पेच अशासाठी की हे दोन चित्रपट लांबून पाहिलं तर एकाच विषयावरचे वाटतात. दोन्ही गावातले. दोन्हीकडे बाप आणि मुलगा. दोन्हीकडे रूढी, विधी, देव-धर्म माणसाला धरूनही ठेवतात आणि अडकवूनही. पण एक जण सगळं गर्जून सांगतो आणि दुसरा घशाशी आलेलं गिळून टाकतो.

‘दशावतार’चं दिग्दर्शन सुबोध खानोलकर यांचं. बाबुली मेस्त्री (दिलीप प्रभावळकर) हा कोकणातला म्हातारा दशावतारी. आयुष्य रंगमंचावर गेलंय आणि आता डोळे साथ सोडतायत. मुलगा माधव (सिद्धार्थ मेनन) म्हणतो, बाबा आता पुरे. इतकी गोष्ट सांगून थांबते. पुढे देवराई येते, खाण येते, पैसा येतो, महेश मांजरेकरांचा पोलीस अधिकारी येतो. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी मध्यंतराच्या आसपासचं कुणाकडूनही ऐकू नये. चित्रपटाचा निम्मा जीव त्यात आहे.

दशावतार हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. सिंधुदुर्ग आणि गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढे हे नाटक रंगतं. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर. मग आख्यान. साथीला पखवाज, पेटी आणि झांज. हातात लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र नट तिथल्या तिथे रचतो. आपला रंग आपणच चढवायचा, बायकांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषांनीच करायच्या, आणि पहाटेपर्यंत उभं राहायचं. हे माहीत असलं की बाबुलीला थांबायला सांगणं म्हणजे त्याच्याकडे काय मागणं आहे ते कळतं. निवृत्तीबिवृत्ती हा शब्द त्याच्या आयुष्यात बसतच नाही.

आणि दिलीप प्रभावळकर! चित्रपट लागला तेव्हा त्यांनी 81 पूर्ण केली होती. ‘हसवाफसवी’ नाटकामध्ये एकट्याने सहा माणसं उभी करणारा हा नट. वेश बदलला की चालही बदलते हे त्यांना कुणी शिकवायला नको. बाबुली रंगवायला बसतो, चेहऱ्यावर रंग चढत जातो, आणि रंगाखालचा म्हातारा बघता बघता नाहीसा होतो. मी थिएटरमध्ये पाहिला तेव्हा शेजारी माझ्या सासूबाई होत्या, मूळच्या कुडाळच्या. त्या पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाल्या, “हो आमच्यातलोच दिसता गे!” कोकणी माणसाकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नाही. भाषेबद्दल मात्र त्यांची कुरकुर होतीच: काही पात्रांची मालवणी पुण्या-मुंबईला समजावी म्हणून पाणी घालून पातळ केल्यासारखी आहे. मला घाटावरचीला ते जाणवलं नाही. गुरु ठाकूर यांच्या गाण्यांवर दोघीही खूश होतो.

आता खटकलेलं. खलनायक मंडळी पुठ्ठ्याची आहेत. बाबुली जितका जिवंत, तितकीच समोरची माणसं ठरीव. पर्यावरणाचा मुद्दा खरा आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते, त्यामुळे कोकणात हा विषय कुणाला नवा नाही. पण उत्तरार्धात तो संवादांतून इतक्यांदा समजावला जातो की “कळलं हो” म्हणावंसं वाटतं. काही ठिकाणी संगणकावर केलेली दृश्यंही उघडी पडतात. आणि ट्रेलर आल्यापासून सुरू झालेलं ते ‘हा मराठी कांतारा का’ प्रकरण डोक्यातून काढून बघा. त्या कन्नड चित्रपटातलं दैव, म्हणजे देव, अंगात येणं वेगळं आणि नटाने अंगावर भूमिका चढवणं वेगळं. बाबुली शेवटपर्यंत नट आहे, हीच तर त्या चित्रपटाची ताकद.

‘साबर बोंडं’ रोहन परशुराम कानवडे यांचा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं. हे वाचून निम्मे लोक बघायचं ठरवतात आणि निम्मे रद्द करतात. ‘फेस्टिवलवाला’ या शब्दाची आपल्याकडे धास्ती आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. हौसेने कंटाळा विकणारे चित्रपट मीही सोसलेत. हा त्यातला नाही.

मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या आनंदचे वडील जातात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईसोबत गावी येतो. काय खायचं, काय घालायचं, कुठे झोपायचं यावर भावकीची नजर. आणि वडिलांना जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर “आता लग्नाचं मनावर घे” सुरू. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते माहीत आहे, गेलेल्या वडिलांनाही माहीत होतं. गावात त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, शेती आणि शेरडं सांभाळणारा, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. गोष्ट इतकीच. कानवडे यांना हे सुचलं ते 2016 मध्ये, स्वतःचे वडील गेल्यावर गावी काढलेल्या सुतकाच्या दिवसांतून. त्यामुळे तिथलं कुठलंही दृश्य रचलेलं वाटत नाही. ओसरीवर बसलेले पाहुणे आपल्याच घरी येऊन गेलेत असं वाटतं.

पार्श्वसंगीत नाही. एक सूरही नाही. विकास अर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून बसतो. दोन माणसं झाडाखाली आहेत, वारा आहे, लांब कुणीतरी हाक मारतंय, आणि आपल्याला काय वाटावं ते कुणीच सांगत नाही. भूषण मनोज (आनंद) आणि सूरज सुमन (बाळ्या) हे दोघेही तोंडओळखीचे चेहरे नाहीत, ते फार बरं झालं. पण मला चित्रपट लक्षात राहिला तो आईमुळे. जयश्री जगताप यांनी उभी केलेली ही आई नवऱ्याच्या दुःखात आहे, भावकीला तोंड देतेय, मुलासाठी सराईतपणे थापा मारतेय, आणि यातलं काहीही ‘मी किती आधुनिक’ असा आव आणून करत नाही. मराठी पडद्यावर गेल्या काही वर्षांत अशी आई मी पाहिलेली नाही.

इथेही खटकलेलं सांगते. पहिली वीस मिनिटं तुमच्याकडून संयम मागून घेतात, ते काही जण देणार नाहीत. दोघांमधला तणाव फारच जपून, जवळजवळ भीत भीत मांडलाय. संकट येणार असं आपण धरून बसतो आणि ते आपण धरलेल्या रूपात येत नाही. मला हे आवडलं. माझ्या नवऱ्याला ‘काही घडलंच नाही’ असं वाटलं, आणि तो मूर्ख नाही.

लोकांचा एक समज मात्र मला उलटा वाटतो. सगळे म्हणतात, ‘दशावतार’ मोठ्या पडद्याचा, ‘साबर बोंडं’ घरी निवांत बघायचा. मी दोन्ही दोन्हीकडे पाहिलेत. ‘दशावतार’ घरी थोडा लहान होतो, रात्रीच्या जंगलातल्या दृश्यांना टीव्हीवर उजेड कमी पडतो, पण प्रभावळकर कुठेही प्रभावळकरच. मध्ये कुकरची शिट्टी झाली, कुणी पाणी आणायला उठलं, तरी धागा सुटत नाही. ‘साबर बोंडं’ घरी जास्त मार खातो. त्यात शांतताच सगळं बोलते, आणि ती शांतता पंख्याच्या घरघरीत, फोनच्या टिंगटिंगीत बुडून जाते. थिएटरमध्ये उठता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. तिथे ती वीस मिनिटं आपोआप पार पडतात. तेव्हा कुठे फिल्म सोसायटीत किंवा महोत्सवात त्याचा खेळ लागला तर आधी तो गाठा. घरीच बघणार असाल तर दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, कानात चांगले हेडफोन. लांबी दोन तासांहून कमी आहे, तेवढं जमतं.

भाषेचं म्हणाल तर ‘साबर बोंडं’मधली अहिल्यानगरकडची बोली कुणासाठीही पातळ केलेली नाही. आम्हाला ती घरचीच, म्हणून सोपी गेली. कोकणातल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलांना खालच्या ओळी वाचाव्या लागतील. अमेरिकेतल्या माझ्या भाचीने तशाच वाचून पाहिला आणि मला पहिला प्रश्न विचारला, “मावशी, ते फळ खरंच असतं?” असतं बाई. निवडुंगाचं लालभडक बोंड. वरचे बारीक काटे काळजीपूर्वक काढल्याशिवाय तोंडात घालायचं नसतं.

तर बहिणीला माझं उत्तर काय? आई-बाबा सोबत आहेत आणि सगळ्यांची मर्जी राखायची आहे, तर ‘दशावतार’. नातवंडं असतील तर मारामारीच्या जागा लक्षात ठेवा, अगदी लहानांना त्या जड जातील. एकटी असशील, किंवा सोबत ज्याच्याशी चित्रपट संपल्यावर बोललं नाही तरी चालतं असं एखादं माणूस असेल, तर ‘साबर बोंडं’. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर हा चित्रपट थोडा लांब ठेव; किंवा नेमका तेव्हाच बघ. ते ज्याचं त्याने ठरवावं. एका दिवशी दोन्ही बघू नकोस. बघितलेसच तर आधी ‘दशावतार’, नंतर दुसरा. उलट क्रमाने बघितलंस तर खलनायकांच्या पहिल्याच वाक्याला हसू येईल.

आणि मला विचाराल तर? प्रभावळकरांसाठी ‘दशावतार’ मी दोनदा पाहिला आणि पुन्हा कुणी घेऊन गेलं तर जाईन. पण आठवतो तो ‘साबर बोंडं’च.

‘आई-बाबांसोबत नको’ हा माझाच सल्ला मी स्वतः पाळला नाही, हेही सांगून टाकते. घरी ‘साबर बोंडं’ दुसऱ्यांदा लावला तेव्हा सासूबाई भाजी निवडायला म्हणून येऊन बसल्या. मी मनातल्या मनात अवघडून गेले होते. कधी उठतील, काय म्हणतील. त्या उठल्या नाहीत. भाजी तशीच राहिली. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, “आवस शाणी आसा हां तेची.” मग थोड्या वेळाने, परडी उचलता उचलता, “पण गोष्ट संपली खंय?”