साठ रुपयांचा फोम, साडेसोळा हजारांचा हेडसेट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

विमानात घालायचा हेडसेट दुरुस्तीला पाठवला: तपासणीचे १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,१८०, जाण्यायेण्याचं कुरिअर वेगळं, १९ दिवसांची वाट आणि बदल्यात एका ओळीचा कागद: ‘दोष आढळला नाही.’ सर्व्हिस सेंटरची ही ओळ खरी निघाली, हेच जास्त झोंबतं. दोष नव्हताच. पण तो का नाही हे फोनवर दोन प्रश्न विचारून कळलं असतं, आणि त्या दोन प्रश्नांचे पैसे पडले नसते.

तर हा अनुभव पॅसिव्ह हेडसेटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सशिवाय नुसत्या जाड वाट्यांनी आवाज अडवणाऱ्याचा. दोन नग, प्रत्येकी साडेसोळा हजार. वापर सेसना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानाच्या मागच्या दोन सीटवर. पुढच्या दोघांना फ्लाइंग क्लबचे हेडसेट मिळतात, मागच्यांना बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत आणि मिळाले तर न मिळाल्यासारखेच असतात. ऑक्टोबर ते जून मिळून ३१ तास, बहुतेक उड्डाणं तासा-सव्वा तासाची. जेलच्या गाद्या, दोन पिना, इलेक्ट्रेट माइक वगैरे खोक्यावर छापलेलं आहेच, ते पुन्हा लिहीत नाही.

पहिली तक्रार होती ‘उजवा कान बंद’. एका विमानात दोन्ही कानांनी नीट ऐकू यायचं, दुसऱ्यात उजवी वाटी ठार बहिरी. कारण साधं आहे. हेडसेट स्टिरिओ आणि त्या दुसऱ्या विमानाचा इंटरकॉम, म्हणजे आतल्यांना हेडसेटवर आपसांत बोलू देणारी यंत्रणा, जुना, मोनो. स्टिरिओ पिनेवर टोक, मधली कडी आणि मागचा दांडा असे तीन भाग असतात. मोनो जॅकमध्ये मधली कडी थेट अर्थिंगला टेकते आणि उजवा कान गप्प होतो. यासाठी वाटीच्या आतल्या कडेला मोनो-स्टिरिओचा खटका दिलेला असतो. आमच्या हेडसेटवर तो तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्यावर काळा आणि गादीच्या ओठाखाली अर्धा झाकलेला. माहितीपुस्तिकेत त्याला दीड ओळ मिळाली आहे, धन्यवादाच्या मजकुराला अर्धं पान.

म्हणून दुरुस्तीला पाठवण्याआधी अदलाबदल करून बघा. डाव्या सीटचा हेडसेट उजव्या जॅकला लावा, उजवा डाव्याला. दोष हेडसेटबरोबर सरकला तर हेडसेट बिघडलाय, सीटलाच चिकटून राहिला तर जॅक किंवा इंटरकॉम. मग पिन जॅकमध्येच हळू गोल फिरवा. खरखर आली तर पितळेवर थर चढलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की पिन आणखी लवकर काळी पडते.

पिनांबद्दल आणखी एक. कानाची पिन ६.३५ मिलिमीटरची, म्हणजे गिटारला लागते तीच, आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, तपकीर गल्लीत, सहज मिळते. माइकची ५.२३ ची, ती तिथे मिळत नाही. ‘बसेल हो साहेब’ म्हणणारा दुकानदार भेटेल, पण बसत नाही. घाईत माइकची पिन कानाच्या जॅकमध्ये जाते, सैल बसते आणि माणूस तासभर मुका राहतो. उलटं होत नाही, जाड पिन बारीक भोकात शिरतच नाही.

आता दुसरी तक्रार. खरं तर हा सगळा मजकूर तिच्यासाठीच आहे: माइकवरचा फोम.

मागे बसलेल्याचा आवाज पुढे क्षीण पोचायचा, विहिरीतून बोलल्यासारखा. व्हॉल्यूम वाढवला की इंजिनाचीच घरघर वाढायची. सर्व्हिस सेंटरने टेबलावर तपासलं, माइक उत्तम. उत्तम होताच. विमानातला माइक दोन्ही बाजूंनी ऐकतो. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंना भोकं असतात. दोन्हीकडून सारखाच येणारा आवाज, म्हणजे इंजिनाचा, तो बराचसा वजा होतो. फक्त एका बाजूला अगदी जवळून आलेला, म्हणजे तोंडाचा, शिल्लक राहतो. त्यामुळे कुठली बाजू ओठांकडे यावर सगळं अवलंबून. ती बाजू ओळखायला माइकवर ठिपका दिलेला असतो. आणि तो ठिपका कशाखाली झाकला जातो? फोमखाली!

नवा माणूस हेडसेट डोक्यावर चढवतो, डावीउजवीकडे फिरवतो, माइकची दांडी दोनदा पिळतो. माइक उलटा होतो, बाहेरून कळत नाही, कारण फोम सगळीकडून सारखाच गोल. मग बोलणारा ओरडतो, ऐकणारा ‘काय? काय?’ करतो आणि तोवर पुण्याजवळच्या भुलेश्वरचा डोंगर मागे गेलेला असतो. उपाय फुकटातला आहे. फोम काढा, ठिपका ओठांकडे करा, आणि फोमच्या बाहेर जिथे दांडी दिसते तिथे त्याच बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा थेंब द्या. साडेसोळा हजारांत हा थेंब कारखान्यात देता आला असता.

‘मग फोम लावूच नका’ म्हणाल तर तेही चालत नाही. इंटरकॉम आवाजावर उघडतो, म्हणजे कोणी बोललं की माइक आपोआप चालू होतो. फोम नसला की प्रत्येक उच्छ्वासाला तो उघडतो आणि चौघांच्याही कानांत फुस्स-फुस्स सुरू होतं. शिवाय उन्हाळ्यात मागचे लोक वरचा हवेचा झोत स्वतःच्या तोंडावर घेतात, तो माइकवर बसतो आणि इंटरकॉम उघडाच राहतो. अशा वेळी सगळे आधी स्क्वेल्चचं बटण, म्हणजे किती आवाजाला इंटरकॉम उघडावा ते ठरवणारं, पिळतात. तसं करू नये. आधी झोत छातीकडे वळवा. मग माइक ओठांच्या कोपऱ्याशी, जवळजवळ टेकेल इतका, तीन ते सहा मिलिमीटरवर आणा. लोक तो हनुवटीसमोर ठेवतात, गायकासारखा. तिथून त्याला फक्त इंजिन ऐकू येतं. एवढं करून भागलं नाही तरच स्क्वेल्चला हात लावा. तेही रन-अपच्या, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीच्या वेळी, इंजिन १,८०० आरपीएमवर असताना: खरखर बंद होते तिथे थांबायचं, पुढे पिळायचं नाही. पुढे पिळलं की वाक्यातला पहिला शब्द खाल्ला जातो. ‘डावीकडे बघू नका’ मधला ‘डावीकडे’ गेला तर काय उरतं ते बघा.

नऊ महिन्यांत पाच फोम गेले. दोन गळून पडले, कारण ते नुसते ओढून बसवलेले असतात आणि हेडसेट पिशवीत कोंबताना निघून येतात. दोन पिवळे पडून चुरा झाले. एक कोणीतरी ओठांनी चावत बसलं होतं, नाव घेत नाही. कंपनीचा फोम ४५० रुपये अधिक पाठवणावळ. साठ रुपयांना सभागृहातल्या वाकवता येणाऱ्या मानेच्या माइकचा फोम मिळतो, तो थोडा ताणून चपखल बसतो. कॉलर माइकचा लहान पडतो, हातातल्या माइकचा गोळा फार मोठा. घेताना त्यातून फुंकर मारून बघा: हवा किंचित अडखळत पलीकडे गेली पाहिजे. पॅकिंगच्या स्पंजमधून ती जातच नाही, आणि तसला स्पंज लावला तर आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. बसवल्यावर फोमच्या मानेशी दोऱ्याचे दोन वेढे द्या. मळला तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन दिवसभर सावलीत वाळवा. ओला फोम लावणं न लावण्याहून वाईट.

इथवरचं बरंचसं फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, पाचपैकी दोन तारे देऊन; नऊ महिन्यांचे आकडे नंतर घातले. एप्रिल-मेमध्ये मत थोडं वळलं, म्हणून पुढचं.

या विमानात फिरतानाचा आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरलं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी केली, तर ९४ ला एकच तास उरतो, म्हणजे आपलं एक उड्डाण. खोक्यावर २३ डेसिबल कमी करतो असं लिहिलंय, पण ते प्रयोगशाळेतल्या बिनचष्म्याच्या डोक्यावर. चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते आणि त्या फटीतून नेमका खालचा, घुमणारा आवाज आत येतो. दोन पात्यांचा पंखा २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० फटके मारतो, इंजिनाचे स्फोटही तितकेच. हा ८० हर्ट्झचा गुंजारव पॅसिव्ह वाटीला फारसा अडवता येत नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक आवाजरोधक हेडसेट लागतो आणि त्याला तिप्पट-चौपट पैसे.

एप्रिलपर्यंत ‘तोच घ्यायला हवा होता’ असं वाटत होतं. आता नाही. औषधाच्या दुकानातले वीस रुपयांचे फोमचे कानबोळे नीट पिळून आत घाला, त्यावर हेडसेट चढवा आणि वाटीवरचा व्हॉल्यूम पूर्ण वाढवून उरलेलं इंटरकॉमच्या बटणावर जुळवा. बोलणं स्वच्छ ऐकू येतं, घरघर बरीच मागे सरते. रोज उडणाऱ्या वैमानिकाने महागडा घ्यावा. महिन्यातून तीनदा मागे बसणाऱ्याला वीस रुपयांत भागतं. चष्मा पातळ धातूच्या काडीचा घाला. आणि टोपी घालणार असाल तर वरचं कापडी बटण कात्रीने उडवा, अर्ध्या तासात ते टाळूत खिळ्यासारखं रुततं.

जेलच्या गाद्यांबद्दल मात्र तक्रार नाही, हे मान्य करायला हवं. मेमध्ये घामाने चिकटतात, त्यावर सुती खोळ चढवली की झालं. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नका, पुण्याच्या एप्रिलमध्ये वरचं आवरण कडक होऊन तडकतं. बदलताना जुन्या गादीचा ओठ खाचेतून काढा, नवीचा अरुंद बाजूने सुरू करून ताणत आणा. आतली पातळ स्पंजची चकती जुन्या गादीबरोबर फेकू नका, ती आवाज गाळण्यासाठीच आहे.

वायरची लांबी पुरेशी आहे, पण पुढची सीट मागे सरकताना ती रुळावर चिरडते. सीट जागेवर बसल्याचा खटका आला की मगच पिना लावा. उतरताना पिनेला धरून ओढा, वायरीला नाही. दार लावताना पट्टा किंवा वायर बाहेर राहिली नाही ना, हे मागच्यांनी स्वतः बघावं.

चौघे मिळून जाणार असाल तर हेडसेटपेक्षा आधी वजनाचा हिशोब. सेसनाच्या १७२ एस या प्रकाराचं कमाल वजन १,१५७ किलो, रिकामं साधारण ७६५. उरतात ३९२. टाक्या भरल्या, म्हणजे वापरता येणारं २०० लिटर इंधन, तर त्यातले १४४ किलो गेले आणि माणशी ६२ उरले. चौघे पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोचे असतील तर इंधन १२८ लिटरवर आणावं लागतं. तासाला ३४ लिटर धरलं तर तेही तासाभराच्या फेरीला राखीव धरून पुरतं. जड माणसं पुढे, हलकी मागे. दुपारी ३८ अंशांना हवा विरळ होऊन साधारण २,००० फुटांवरची धावपट्टी विमानाला ५,००० फुटांहून उंच वाटते, म्हणून उड्डाण सकाळचंच. खासगी परवान्याच्या वैमानिकाला पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, खर्चाचं काय ते क्लबकडून लेखी विचारून घ्या.

इंटरकॉमवर गप्पांचा शिष्टाचार ठरवल्याशिवाय उडू नका. पुण्याचं एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, हवाई दलाकडे आहे. तिकडून सूचना येत असताना मागून ‘अरे ती बघ उजनी’ आलं तर वैमानिकाचा आकडा चुकतो. वैमानिकाने हात वर केला की सगळे गप्प, नाहीतर त्याने आयसोलेटचं, म्हणजे मागच्यांना त्याच्या कानातून तोडणारं बटण दाबावं. ‘ते बघ तिकडे’ यालाही अर्थ नाही, विमानाचं नाक बारावर धरून घड्याळाने सांगा: ‘दोन वाजता, पाण्याच्या काठाला.’ भिगवणच्या बाजूला फ्लेमिंगो दिसले म्हणून खाली जायचा आग्रह वैमानिकाला करू नका, पक्षी आपटला तर काच किंवा पंखा जाऊ शकतो. पोटात ढवळायला लागलं तर आधी माइकची दांडी कपाळावर ढकला, मगच पिशवी उघडा. हा क्रम चुकला की फोम क्रमांक सहा.

पावसाळ्यासाठी दोन्ही हेडसेट आता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात गेले आहेत, फोम काढून वेगळ्या डबीत. तारे साडेतीन. अर्धा त्या मोनो-स्टिरिओच्या खटक्यासाठी कापलाय, एक फोमसाठी. कंपनीला ईमेलने ठिपका फोमच्या बाहेर द्यायला सुचवलं होतं. उत्तर आलं: फोम ही उपभोग्य वस्तू असल्याने वॉरंटीत बसत नाही.