सायकलला मागून ढकलणारा घरगुती मोटर-ट्रेलर: काही महिने वापरल्यानंतर

सायकललाच मोटर बसवता येत असताना मागे हे वेगळं धूड कशाला, असं बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. सायकल जशी आहे तशी राहते. पुढचा फोर्क, मागचं चाक, ब्रेक, कशालाच हात लागत नाही आणि बॅटरी फ्रेमला कुठे टांगायची हा प्रश्नच येत नाही. सामान असलं किंवा वाटेत चढ असले की ट्रेलर जोडायचा. एरवी तो भिंतीला टेकलेला असतो आणि सायकल हलकी. उन्हात, पावसात, रिकामा, भरलेला असा काही महिने वापरून झाल्यावर मला तो ठेवायचाच आहे. मात्र असा ट्रेलर करायला घेणाऱ्याने सगळा विचार मोटरच्या वॅटवर खर्च करू नये. तो जिथे सायकलला मिळतो, त्या जोडावर सगळं ठरतं.

आधी रचना थोडक्यात. एकच चाक, २० इंची, त्यात ३६ व्होल्टची बिनगिअरची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी. फ्रेम २५ मिमीच्या चौकोनी लोखंडी पाइपची. पुढच्या टोकाला बेचक्यासारखा चिमटा, तो सायकलच्या मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी धरतो आणि चाकाच्या लगेच मागे उभी पिन आहे. बॅटरी १४ अँपिअर-तासांची, मोटरच्या पुढे, जमेल तितकी खाली. सगळं मिळून साधारण २२ किलो.

एका चाकाचा ट्रेलर सायकलबरोबर कलला पाहिजे. म्हणून जोडाला दोनच हालचाली द्यायच्या, वर-खाली आणि डावी-उजवी. पीळ पडता कामा नये. दोन चाकांच्या ट्रेलरचं याच्या उलट असतं. तो रस्त्यावर सपाट राहतो, सायकल कलते, त्यामुळे तिथे तिसरी हालचालही द्यावीच लागते. मी एक चाक निवडलं ते रेट्यासाठी. दोन चाकांपैकी एकातच मोटर असली तर जोर मधल्या रेषेतून न येता एका कडेने येतो आणि सायकलची मागची बाजू सतत एकीकडे सरकवत राहतो. सायकल सरळ ठेवण्यात हात दमतात.

आता या रेट्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मेख इथेच आहे. मोटरने ४० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) दिला तर २० इंची चाकाच्या, म्हणजे साधारण पाव मीटर त्रिज्येच्या, कडेला १६० न्यूटन जोर मिळतो. सरळ रस्त्यावर ही चैन आहे. वळताना मात्र ट्रेलर अजून जुन्या दिशेला तोंड करून असतो आणि त्याच दिशेला ढकलतो, त्यामुळे सायकलची शेपटी वळणाच्या बाहेर फेकली जाते. दोघांमधला कोन ३० अंशांचा असेल तर रेट्याचा निम्मा भाग आडवा लागतो. मोटरचा जोर सर्वांत जास्त असतो तो अगदी कमी वेगाला, आणि घट्ट वळणंही आपण त्याच वेगाला घेतो. म्हणून मी कंट्रोलरमधला, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या सर्किटमधला, करंट उतरवून जास्तीत जास्त रेटा १०० न्यूटनच्या आसपास ठेवला आहे आणि सुरुवात हळू होईल अशी सेटिंग केली आहे. चौकात वळताना थ्रॉटल (मोटरचा जोर कमी-जास्त करणारी हँडलवरची मूठ) पूर्ण सोडतो, वळून सरळ झालो की मग देतो. आता ती सवय अंगात मुरली आहे.

जोड किती उंचीवर आहे, यानेही मोठा फरक पडतो. सीटच्या नळीला जोडणं सोपं असतं, त्यामुळे पुष्कळ जण तिथेच जोडतात. पण चाकाचा रेटा जमिनीलगत आणि त्याला होणारा विरोध जोडापाशी, म्हणजे ट्रेलरचं नाक वर उचललं जाणार. जोड ८० सेंमी उंच आणि ट्रेलरच्या आसापासून १ मीटर पुढे असेल, तर १०० न्यूटनच्या रेट्याला नाकाशी ८० न्यूटन उचल मिळते. सायकलच्या मागच्या चाकावरचं तेवढं, सुमारे ८ किलो, वजन कमी होतं आणि तेही नेमकं ते चाक आडवं ढकललं जात असताना. आसाच्या उंचीवर जोडलं की ही उचल निम्म्याहून कमी होते. हा बदल करायला कितीही वेल्डिंग करावं लागलं तरी ते करावं, असं माझं ठाम मत आहे.

मोटर बिनगिअरची घेतली ती ब्रेकसाठी. ३० किलोचा भरलेला ट्रेलर मागे असताना सायकलचा ब्रेक बऱ्यापैकी जोरात दाबला की तो ९० न्यूटनच्या आसपास रेटा पाठीमागून देतो, म्हणजे मोटर पूर्ण चालू असल्यासारखाच. त्यात मोटर खरंच चालू राहिली तर दोन्ही रेटे एकत्र येतात. म्हणून ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना मोटरची वीज तोडणारे स्विच आहेतच, शिवाय दांडी दाबताच मोटर जनरेटर होऊन चाकाला मागे धरते. ट्रेलर मागून ढकलायच्या ऐवजी मागे ओढतो आणि अख्खी जोडगोळी ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. उतारावर यासारखं सुख नाही. बॅटरीत परत येणारी वीज थोडीच असते, त्या आशेने कोणी ही मोटर घेऊ नये. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना उतार लागला तर संरक्षक सर्किट बॅटरीचा संपर्क तोडू शकतं आणि हा ब्रेक ऐन वेळी नाहीसा होतो. त्यामुळे ४२ व्होल्टपर्यंत, म्हणजे काठोकाठ, न भरता मी ४१ वर थांबतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. बॅटरी संपली तर अशी मोटर जड फिरते, पायांना ते लगेच कळतं. आणि पीळ एकदा पुढे, एकदा मागे असा आलटून-पालटून बसत असल्याने आसाचे नट सैल व्हायला बघतात. ६ मिमी लोखंडी पट्टीत आसाच्या चपट्या बाजूंना बरोबर बसेल अशी खाच कापून ती दोन्ही बाजूंना लावली, तेव्हापासून आस जागचा हललेला नाही. एका बाजूची पट्टी पुरेशी नाही.

तारांबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. थ्रॉटलमधल्या सेन्सरची ग्राउंडची तार तुटली तर सिग्नल शून्यावर जाण्याऐवजी वर चढू शकतो, म्हणजे मोटर पूर्ण जोरात. चांगला कंट्रोलर हा बिघाड ओळखतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. कंट्रोलर चालू करणारी बारीक तार मी सायकल-ट्रेलरमधल्या कनेक्टरमधून हँडलवरच्या स्विचपर्यंत नेली आहे. कनेक्टर निघाला की कंट्रोलरच बंद. जाड तारा ट्रेलरच्या बाहेर येतच नाहीत. जोडाला वेगळा पट्टाही आहे. कनेक्टरची तार पट्ट्यापेक्षा आखूड ठेवली आहे, म्हणजे पिन निसटली तर आधी मोटर थांबते.

चढावर ट्रेलर मनापासून साथ देतो. मी, सायकल, ट्रेलर आणि सामान मिळून १२० किलो धरले तर ५ टक्के चढावर ताशी १५ किमीला साधारण ३०० वॅट लागतात, ते मोटर एकटी आरामात देते. १० टक्क्यांना वजनच मागे ओढतं सुमारे ११८ न्यूटनने, तिथे पाय मारलेच पाहिजेत. अशा चढावर रांगत जाऊ नये, कारण मोटरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. २० इंची चाकाचा इथे फायदा होतो, त्याच वेगाला मोटर जास्त फेरे घेते. सपाटीला पाय मारत राहिलो तर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-तास जातात, म्हणजे एका चार्जमध्ये ३० किमी निर्धास्त.

ओल्या खडीवर रिकामा ट्रेलर चाक फिरवत बसतो. चाकावर वजनच नसेल तर पकड कुठून येणार? जड सामान मोटरच्या चाकाजवळ, पण त्याच्या पुढे ठेवलं की फरक पडतो. चाकाच्या मागे ठेवलं तर ट्रेलर डोलायला लागतो. वेग मी ताशी २५ किमीच्या वर नेत नाही.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष उभ्या पिनच्या बुशकडे, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळीकडे, द्यावं लागतं. ढकलणं आणि ओढणं सतत बदलत असल्याने भोक लांबट होतं आणि थ्रॉटल सोडताना टक् असा आवाज येतो. तो आवाज आला की बुश बदलायचा, लांबणीवर टाकायचं नाही, कारण तिथला खेळ पुढे फ्रेमच्या वेल्डिंगपर्यंत पोहोचतो. नायलॉनचा बुश लवकर झिजला, पितळेचा ग्रीस लावून बराच टिकतो आहे. आरेही अधूनमधून ताणून बघावे लागतात. सायकल मागे घेणं अवघड जातं, आणि जिने असतील तर आधी बॅटरी काढूनच ट्रेलर उचलावा.