हुआहिने: सहा तासांचा थांबा, आठ महिन्यांनंतर

गेल्या नोव्हेंबरात ऑकलंडहून दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर गेलो आणि तिथल्या पापेएते बंदरातून बेटांची सफर करणारं जहाज धरलं. मी, नवरा आणि रत्नागिरीहून आलेली माझी आई. ऑकलंडहून शनिवारी विमानाने निघून, वाटेत तारीखरेषा ओलांडून, ताहितीला शुक्रवारी रात्री पोचलो. आईचा शनिवारचा उपवास ऑकलंडमध्येच झाला होता. ‘‘म्हणजे उद्या परत?’’ तिने विचारलं. आणि केलाही.

सफरीतला एक थांबा हुआहिने, ते ताहितीच्या वायव्येला साधारण १७५ किलोमीटरवर आहे. खरं तर बेटं दोन, थोरलं नुई आणि धाकटं इती, मध्ये छोटासा पूल. वस्ती सहा हजारांच्या आसपास. आमच्या जहाजावर सगळ्यांच्या तोंडी बोरा बोरा हे प्रसिद्ध बेट, त्यामुळे इथे बरेच लोक उतरलेच नाहीत. उतरलेल्यांनाही त्रास झालाच. मोठ्या जहाजाला धक्का नाही, ते मारोएच्या उपसागरात नांगरतं आणि लहान होडीने किनाऱ्यावर सोडतं. त्या होडीच्या टोकन-रांगेत आमचा पाऊण तास गेला. फारे हे मुख्य गाव तिथून लांब आहे, चालत जायचा बेत करू नका. जहाजाची सहल आम्हाला महाग वाटली म्हणून किनाऱ्यावरच्या एका बाईंची व्हॅन ठरवली, तेवढं डोकं चाललं हे बरं झालं.

त्यांनी आधी माएवाला नेलं. तिथे मराए आहेत, म्हणजे जुन्या देवकार्याचे दगडी चौथरे. होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे योशिहिको सिनोतो यांनी १९६० च्या दशकापासून ते पुन्हा उभे केले. बघण्यासारखे आहेत, पण आई रमली ती शेजारच्या पाण्यापाशी. फाउना नुई सरोवराचं पाणी एका अरुंद फाट्याने समुद्राकडे जातं. त्या फाट्यात प्रवाळाच्या दगडांच्या बुटक्या भिंती आहेत, उघडलेल्या चिमट्यासारख्या, आणि चिमट्याच्या सांध्याशी गोल कोंडी. पाण्याच्या ओढीबरोबर मासे भिंतीला लागून सरकत जातात आणि कोंडीत अडकतात. रचना शेकडो वर्षांची, अजून वापरात. एक माणूस कोंडीत मांडीभर पाण्यात उभा राहून हातजाळ्याने मासे काढत होता. त्याला अजिबात घाई नव्हती.

आई खाडीकाठची. तिने विचारलं, भरती कधी? बाई म्हणाल्या, बाराला. उद्या? उद्याही बाराला. आईला वाटलं, मी बाईंचं बोलणं तिला चुकीचं सांगतेय. आपल्याकडे भरती रोज पाऊण-एक तास पुढे जाते. इथे चंद्राचं फारसं चालत नाही, सूर्याचं चालतं, म्हणून भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला. पाणी चढतं तेही जेमतेम फूटभर.

मग फाईचा ओढा. त्यात निळ्या डोळ्यांच्या जाड वामी आहेत, लोक त्यांना पवित्र मानतात आणि डब्यातला मासा भरवतात. ‘‘आपण हिचं कालवण केलं असतं,’’ आई हळूच म्हणाली. रस्त्याकडेच्या टेबलावर ‘उरू’ दिसला, तो तर आपला नीरफणस! काप करायला तिचे हात शिवशिवत होते, पण जहाजाच्या केबिनमध्ये तवा कुठून आणायचा? फारेला जायचं राहूनच गेलं, शेवटची होडी चारची होती.

खरेदीबद्दल. मोनोई, म्हणजे तिआरेची फुलं मुरवलेलं खोबरेल, जूनमध्ये ऑकलंडच्या थंडीत बाटलीतच पांढरं झालं. गरम पाण्यात बाटली धरली की झालं, बिघडलेलं नाही. अंगाला छान, पण उन्हापासून वाचवेल म्हणून चोपडू नका. व्हॅनिलाची शेंग मात्र पैसे वसूल. ताहितीची शेंग पिकली तरी तडकत नाही, म्हणून वेलीवरच पुरती पिकू देतात. बरणीत आठ महिने झाले, अजून मऊ आहे, वास बडीशेपेकडे झुकणारा. श्रीखंडात वेलचीपुढे हरली, शेवयांच्या खिरीत जिंकली. सुट्टे पॅसिफिक फ्रँक (तिथलं चलन) मात्र जवळ ठेवा, टेबलवाल्यांकडे कार्ड चालत नव्हतं.

बेटाला पाचपैकी पाच, जहाजाने जाण्याला अडीच. पापेएतेहून लहान विमान जातं, पुढच्या वेळी तेच धरून तीन रात्री राहायचं ठरवलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘‘येईन, पण तिकीट शनिवारचं काढू नकोस.’’