एबीटेम: क्रिस्टलमधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या सिम्युलेशनसाठी बिनधास्त घ्या

टीईएमवर (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) काम करणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या पोरांसाठी खास लिहितोय कारण हा प्रश्न सारखा येतो, की सिम्युलेशनला कुठलं सॉफ्टवेअर वापरू. माझं उत्तर सध्या एकच, एबीटेम (abTEM) ही पायथनमधली लायब्ररी. व्हिएन्ना युनिव्हर्सिटीतल्या जेकब मॅडसन आणि टोमा सुसी यांनी बनवलंय, २०२१ मध्ये त्यावर पेपर आला, ओपन सोर्स आहे, एक पैसा लागत नाही.

सिम्युलेशन लागतंच का? तर इलेक्ट्रॉन क्रिस्टलमध्ये एकदाच विखुरून बाहेर पडत नाही, आत जाता जाता पुन्हा पुन्हा विखुरतो, त्यामुळे सॅम्पलची जाडी किंवा डिफोकस (फोकसपासूनचं अंतर) जरा बदलला तरी एचआरटीईएममध्ये (अणू दिसण्याइतक्या बारीक टीईएम इमेजमध्ये) काळे दिसणारे अणू चक्क पांढरे दिसू शकतात, आणि नुसती इमेज बघून अणू कुठे आहे ते ठामपणे सांगता येत नाही. यावरचा मल्टिस्लाइसचा उपाय काउली आणि मूडी यांनी १९५७ मध्येच दिला होता, क्रिस्टलचे पातळ काप करायचे, प्रत्येक कापात इलेक्ट्रॉनच्या लाटेची फेज बदलायची आणि मग लाट पुढच्या कापापर्यंत न्यायची. एबीटेम आतून हेच करतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यात काही झाकलेलं नाही. एएसईमध्ये (अणुरचना बनवायची पायथन लायब्ररी) स्ट्रॉन्शियम टायटनेटचा सेल बनवा (बाजू ३.९०५ अँगस्ट्रॉम), पोटेन्शियल (अणूंचं विद्युत पोटेन्शियल), प्रोब (इलेक्ट्रॉनचा बारीक झोत), स्कॅन, डिटेक्टर, प्रत्येकाची एकदोन ओळ, झालं. पण सॅम्पलिंगकडे, म्हणजे गणिताच्या जाळीतल्या दोन बिंदूंमधल्या अंतराकडे, नीट बघा! ३०० केव्हीला इलेक्ट्रॉनची वेव्हलेंग्थ ०.०१९७ अँगस्ट्रॉम, सॅम्पलिंग ०.०५ अँगस्ट्रॉम ठेवलं आणि अँटीअलायझिंगसाठी (जाळीमुळे येणारी खोटी सिग्नल टाळायला) मोठ्या कोनांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कापला जातो हे धरलं, तर जेमतेम १३० मिलीरेडियनपर्यंतचेच इलेक्ट्रॉन हिशोबात राहतात. एचएएडीएफ डिटेक्टर (मोठ्या कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजणारा) २०० मिलीरेडियनपर्यंत हवा असेल तर सॅम्पलिंग ०.०३३ च्या आसपास किंवा त्याहून बारीक लागतं. हे गणित हाताने एकदा तरी करून बघाच, डिटेक्टर आणि सॅम्पलिंगचं नातं डोक्यात पक्कं बसतं.

वेळेचं म्हणाल तर एसटीईएममध्ये (प्रोब सॅम्पलवर फिरवून इमेज घेतात त्या पद्धतीत) प्रोबच्या प्रत्येक जागेसाठी वेगळं मल्टिस्लाइस चालतं, त्यात अणूंची थरथर धरायला फ्रोझन फोनॉन (अणू जरा जरा हलवलेल्या अनेक रचनांची सरासरी) घेतले की जितकी कॉन्फिगरेशन, म्हणजे अशा रचना, तितक्या पट काम वाढतं, साध्या लॅपटॉपवर मोठा सेल टाकलात तर बसा वाट बघत. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कॉन्फिगमध्ये डिव्हाइस बदलायचं, बाकी कोड तोच. प्रिझम नावाची जलद पद्धत पण आहे, त्याने मोठे स्कॅन खूप लवकर होतात, फक्त इंटरपोलेशन फॅक्टर वाढवाल तशी अचूकता कमी होते तेव्हा छोट्या सेलवर मल्टिस्लाइसशी ताडून मगच वाढवा.

जीपीएडब्ल्यूशी (डीएफटी, म्हणजे क्वांटम पद्धतीने इलेक्ट्रॉनची मांडणी काढणारं सॉफ्टवेअर) थेट जोडता येतं हे याचं खरं वैशिष्ट्य. एरवी प्रत्येक अणू सुटा धरून पोटेन्शियल काढतात, पण हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडसारख्या मटेरियलमध्ये बाँडिंगमुळे चार्ज इकडचा तिकडे सरकतो, तो डीएफटीमधून घेता येतो. नेहमीच्या एचएएडीएफला मात्र याची गरज नाही, उगाच डीएफटीत वेळ घालवू नका.

कमी काय आहे? पायथन यायलाच हवं, बटणं दाबून चालणारं नाहीये हे, ज्यांना तसं हवंय त्यांनी विंडोजवर डॉक्टर प्रोब बघा, तेही चांगलं आहे. षटकोनी सेल आधी काटकोनी करून घ्यावा लागतो, त्याचं फंक्शन दिलेलं आहे. आणि १.० व्हर्जननंतर लिहायची पद्धत बरीच बदलली, नेटवरचे जुने कोड तसेच्या तसे चिकटवले तर चालत नाहीत, नवीन व्हर्जनमध्ये शेवटी कंप्यूट म्हटल्याशिवाय खरं गणित सुरूच होत नाही. तेव्हा शिकायचं तर अधिकृत ट्युटोरियलवरूनच शिका, ती खरंच छान लिहिलीत.